‘आजोबा’ बिबट्याचा प्रवास : अधिवासविचाराच्या इतिहासातील एक नोंद

ठाकुर्लीवरून जाणारा लोहमार्ग कसाऱ्यास पोहोचतो. २००९ मध्ये त्याच कसारा स्थानकाजवळून ‘आजोबा’ हा बिबट्या मुंबईकडे गेला. तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेल्या या प्रौढ नरास जीपीएस पट्टा बांधून माळशेज घाटात सोडण्यात आले होते. जंगल हेच बिबट्याचे घर, हे त्यामागील जुने गृहीतक. आजोबाने मात्र सुमारे १२० किलोमीटर अंतर कापून संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे वनक्षेत्र गाठले. विद्या अत्रेय यांच्या अभ्यासातील ही नोंद स्थलांतराच्या उपायावरच प्रश्नचिन्ह उभे करते. जुन्नरच्या उसात पिल्ले वाढविणाऱ्या या प्राण्याने वन आणि गाव ही सीमारेषा मानलीच कोठे? २०११ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनीही सरसकट स्थलांतर अमान्य केले. त्याच वर्षी मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वाहनाच्या धडकेने आजोबाचा मृत्यू झाला.