गडद तपकिरी अंड्याचा इतिहास

भारतीय बाजारात तपकिरी अंड्याला बहुधा पांढऱ्या अंड्यापेक्षा अधिक भाव मिळतो. तपकिरी म्हणजे गावरान आणि गावरान म्हणजे पौष्टिक, हे समीकरण ग्राहकाच्या मनात पक्के आहे. कवचाच्या रंगाला मोल देण्याच्या अशाच वृत्तीतून युरोपात कोंबड्यांच्या काही नव्या जाती घडल्या.

१८७२ मध्ये मेजर क्रोड यांनी चीनमधील यांगत्से नदीच्या मुखाजवळच्या लांगशान भागातून कोंबड्या इंग्लंडला आणवल्या. त्यांची अंडी तपकिरी होती. पुढे अशा आशियाई कोंबड्यांचा स्थानिक कोंबड्यांशी संकर होऊन नेदरलँड्समध्ये बार्नेवेल्डर आणि फ्रान्समधील मारां या बंदराच्या गावाच्या परिसरात मारां ही जात उदयास आली. मारां कोंबडीच्या अंड्याचा रंग चॉकलेटसारखा गडद असतो. तो मोजण्यासाठी फ्रेंच पालकांनी १ ते ९ क्रमांकांची रंगपट्टी ठरवली. ४ पेक्षा फिके अंडे जातीच्या दर्जाला उतरत नाही.

निवडीची पद्धत वरकरणी सोपी होती: सर्वांत गडद अंडी तेवढी उबवायची. अडचण कोंबड्याची होती. तो अंडी घालत नाही, पण पिलांना निम्मा वारसा त्याच्याकडूनच मिळतो. त्यामुळे त्याची पारख त्याच्या आईच्या, बहिणींच्या आणि पुढे मुलींच्या अंड्यांवरून करावी लागे. शिवाय तपकिरी छटा अनेक जनुकांच्या एकत्रित परिणामातून येते. निवड सैल झाली की काही पिढ्यांतच रंग उतरतो.

हा रंग प्रामुख्याने प्रोटोपॉर्फिरिन या द्रव्याचा असतो. याच रेणूत लोह बसले की रक्तातील हीम तयार होते. कवच घडण्यास सुमारे वीस तास लागतात आणि रंगद्रव्याचा मोठा भाग अखेरच्या काही तासांत बाहेरील थरावर बसतो. म्हणूनच मारांचे ताजे, ओले अंडे घासल्यास रंग निघू शकतो आणि तपकिरी अंड्याचे कवच आतून फिकट दिसते. अंडी देण्याच्या हंगामाच्या सुरुवातीची अंडी सर्वांत गडद असतात. पुढे छटा फिकी होत जाते. अंड्यांची संख्या आणि रंगाची गडदता या दोन्ही गोष्टी एकाच कोंबडीत साधणे त्यामुळेच अवघड ठरते.

भारतात ग्रामीण परसबागेसाठी हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने वनराजा आणि ग्रामप्रिया हे वाण विकसित केले. गावरान अंड्यासारखी तपकिरी छटा हे त्यांच्या अंड्यांचे वैशिष्ट्य आहे. दुसरीकडे, कडकनाथची अंडी काळी असतात हा समज आजही पसरवला जातो. त्या कोंबडीचे मांस काळपट असले, तरी अंड्याचे कवच मात्र फिकट तपकिरी असते.

कवचाचा रंग कोंबडीचा वंश सांगतो. अंड्याचे पोषणमूल्य सांगत नाही. ते मुख्यतः कोंबडीच्या आहारावर अवलंबून असते आणि अंड्याचा ताजेपणा साठवणुकीवर. जादा भाव देताना ग्राहकाने विचारायचे प्रश्न हेच आहेत.