रोगप्रतिकारशक्ती : शरीराची स्मृती

सभोवताली असंख्य रोगजंतू असूनही माणूस सदैव आजारी पडत नाही, याचे श्रेय त्याच्या रोगप्रतिकारक यंत्रणेला जाते. त्वचा, नाका-घशातील ओलसर आवरण आणि जठरातील आम्ल ही तिची पहिली तटबंदी. ती ओलांडून आत शिरलेल्या जंतूंना भक्षक पेशी गिळून टाकतात. हा प्रतिकार त्वरित सुरू होतो. मात्र तो विशिष्ट जंतू ओळखून केलेला नसतो.

विशिष्ट जंतू हेरण्याचे काम रक्तातील पांढऱ्या पेशींपैकी ‘बी’ आणि ‘टी’ पेशी करतात. ‘बी’ पेशींपासून प्रतिपिंडे निर्माण होतात, तर ‘टी’ पेशींपैकी काही जंतूंनी ग्रासलेल्या पेशी नष्ट करतात. नव्या जंतूविरुद्ध ही फौज उभी राहण्यास साधारण एक ते दोन आठवडे लागतात आणि तेवढ्या अवधीत रोग बळावू शकतो. लढाई संपल्यावर काही पेशी त्या जंतूची ओळख जपून ठेवतात. तोच जंतू पुन्हा आला, की प्रतिकार अधिक वेगाने होतो.

रोग न होताच ही ओळख करून देणे, हेच लसीकरणाचे तत्त्व. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ पसरली, तेव्हा डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमधील प्रयोगशाळेत उष्णतेने मारलेल्या प्लेगजंतूंपासून लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यांना ताप आला आणि उतरला. नंतर भायखळा तुरुंगातील चाचणीत लस घेतलेल्यांमध्ये प्लेगचे प्रमाण कमी आढळले. परळ येथील प्लेग प्रयोगशाळेस १९२५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.

धरणगावसारख्या तालुक्याच्या गावी बालकांना मिळणाऱ्या लसींमागेही हेच तत्त्व आहे. पेंटाव्हॅलंट लस सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात देतात, कारण पहिल्या मात्रेने झालेली ओळख पुढील मात्रांनी पक्की होते. लस टोचल्यावर येणारा सौम्य ताप ही बहुधा यंत्रणा कामाला लागल्याची खूण असते. त्या भीतीने पुढील मात्रा टाळल्यास संरक्षण अपुरे राहते. ताप तीव्र असल्यास किंवा झटके आल्यास मात्र तत्काळ डॉक्टरांना दाखवावे. एखादी मात्रा चुकली, तरी सहसा सारे पुन्हा प्रथमपासून सुरू करावे लागत नाही. राहिलेली मात्रा शक्य तितक्या लवकर घ्यावी.