धडाकेबाज : रुंद पडद्यावर आलेला लक्ष्या

अचलपूर : महेश कोठारे दिग्दर्शित ‘धडाकेबाज’ हा मराठी चित्रपट १९९० साली प्रदर्शित झाला. मराठीतील पहिला सिनेमास्कोप चित्रपट अशी त्याची अधिकृत ओळख आहे. मात्र चित्रपट इतिहासाच्या पुस्तकातील ही नोंद बहुतेक प्रेक्षकांना ठाऊक नसते. त्यांच्या लक्षात राहिला आहे तो बाटलीत अडकलेला इवलासा गंगाराम आणि कवटीचा मुखवटा घालून वावरणारा कवट्या महाकाळ. मारधाड, विनोद, जादू आणि गाणी यांचे हे मिश्रण समीक्षकांना कधी फारसे रुचले नाही. प्रेक्षकांनी, विशेषतः मुलांनी, ते मनापासून स्वीकारले.

‘धडाकेबाज’ येण्यापूर्वीच कोठारे यांची वाट आखली गेली होती. ‘छोटा जवान’ (१९६३) आणि ‘राजा और रंक’ (१९६८) या चित्रपटांतून बालकलाकार म्हणून गाजलेले कोठारे ‘धूमधडाका’ (१९८५) या चित्रपटाने दिग्दर्शनाकडे वळले. तो निखळ विनोदी चित्रपट होता आणि त्याचे कथानक ‘प्यार किये जा’ या हिंदी चित्रपटावर बेतलेले होते. ‘दे दणादण’ (१९८७) मध्ये हवालदार लक्ष्याला मारुतीच्या कृपेने अचाट शक्ती मिळते. लाल रंग दिसला की ती नाहीशी होते. ‘थरथराट’ (१९८९) मध्ये टकलू हैवान अवतरला. पुढे ‘झपाटलेला’ (१९९३) मधील तात्या विंचूने तर सर्वांवर कडी केली. या चित्रपटांतील नायकांची नावे आठवायला प्रेक्षकाला थोडा विचार करावा लागतो, खलनायकांची मात्र झोपेतही आठवतात!

‘धडाकेबाज’मध्ये लक्ष्मीकांत बेर्डे यांनी लक्ष्या आणि त्याच्यासारखाच दिसणारा गंगाराम अशी दुहेरी भूमिका केली. स्वतः कोठारे, अश्विनी भावे आणि दीपक शिर्के हेही पडद्यावर होते. ‘टुरटुर’ या नाटकातून पुढे आलेले बेर्डे १९८९ च्या अखेरीस ‘मैंने प्यार किया’ या हिंदी चित्रपटात झळकले होते. त्यामुळे ज्या गावांत मराठी चित्रपट तुरळक पोहोचत, तेथील प्रेक्षकालाही हा चेहरा अनोळखी राहिला नव्हता.

ही बाब वऱ्हाडात विशेष महत्त्वाची ठरते. अचलपूर-परतवाडा या जोडशहरात मराठी, हिंदी आणि उर्दू या तिन्ही भाषा बाजारात ऐकू येतात. येथील प्रेक्षक हिंदी चित्रपट भाषांतराशिवाय पाहतो. किंबहुना चित्रपट म्हटला की त्याच्या मनात आधी हिंदीच येतो. यामागे केवळ आवड नाही, चित्रपट व्यवसायाची रचनाही आहे. वितरकांच्या नकाशावर महाराष्ट्र हे एक राज्य नाही. मुंबई आणि पश्चिम महाराष्ट्र एका विभागात, मराठवाडा ‘निझाम’ विभागात, तर विदर्भ ‘सी. पी. बेरार’ विभागात मोडतो. तो प्रांत १९५० मध्ये कागदोपत्री संपला, १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, तरी चित्रपटाच्या व्यवहारात जुने नाव टिकून राहिले. पुण्यात गाजलेल्या मराठी चित्रपटाला विदर्भात यायचे तर वेगळा वितरक, वेगळा सौदा आणि अर्थातच अधिक वाट पाहणे आले.

तो येथे आल्यावर त्याची तुलना होई ती आदल्या आठवड्यातील हिंदी मारधाडपटाशी. सिनेमास्कोपचा मुद्दा येथे निव्वळ तांत्रिक राहत नाही. या पद्धतीत विशिष्ट भिंगाद्वारे रुंद दृश्य ३५ मिलिमीटर फितीवर आडवे आक्रसून घेतले जाते आणि प्रक्षेपणाच्या वेळी दुसरे भिंग ते पुन्हा पसरवते. हॉलीवूडने हे तंत्र १९५३ मध्ये ‘द रोब’द्वारे आणले. हिंदीत ते ‘कागज के फूल’ने १९५९ मध्ये आणले आणि पुढे भव्य हिंदी चित्रपटांचा तो नेहमीचा पोशाख झाला. मराठी चित्रपट मात्र त्यानंतर एकतीस वर्षे जुन्याच चौकटीत राहिला. परिणामी रुंद पडद्याच्या चित्रपटगृहात मराठी खेळ लागला की चित्र मधोमध उमटे आणि दोन्ही बाजू काळ्या राहत. आपल्या भाषेचा चित्रपट हिंदीपेक्षा लहान असतो, हे प्रेक्षकाला कोणी सांगावे लागत नव्हते. ‘धडाकेबाज’ने तो पडदा या कडेपासून त्या कडेपर्यंत भरला. कथेतील उणिवांबद्दल कोठारे यांना जरूर बोल लावावा, परंतु या कामगिरीचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे.

उणिवा होत्याच. योगायोगांची रेलचेल, जादूने सुटणारे पेच, विनोदासाठी थांबणारी मारामारी हे सारे खरे. त्या काळातील विनोदी लाटेवर ‘पाचकळ’ हा शिक्का सर्रास मारला जाई आणि तो नेहमीच अन्यायाचा होता असे म्हणता येणार नाही. परंतु आजी आणि नातू दोघांनाही संकोच न वाटता शेजारी बसून पाहता येईल अशी मारधाड या चित्रपटांनी दिली. दादा कोंडके यांच्या द्व्यर्थी विनोदाला खळखळून हसणारा प्रेक्षकही मुलांना बरोबर नेताना विचार करीत असे. दुसरीकडे १९९१ मध्ये ‘माहेरची साडी’ने महिलावर्गाला रडवून विक्रम केला. हसणाऱ्या आणि रडणाऱ्या या प्रेक्षकांमध्ये मुलांसाठी मोकळी असलेली जागा कोठारे यांनी ओळखली. ‘माझा छकुला’ (१९९४) मध्ये तर त्यांनी मुलगा आदिनाथ यालाच गुंडांसमोर उभे केले.

पुढे दूरचित्रवाणीने या चित्रपटांना दुसरे आयुष्य दिले. १९९९ मध्ये ‘अल्फा मराठी’ आणि त्यानंतर ‘ई टीव्ही मराठी’ या वाहिन्या सुरू झाल्या आणि सुटीच्या दुपारी कोठारे यांचे चित्रपट घरोघरी येऊ लागले. वितरण विभागांच्या सीमा येथे आड येत नव्हत्या. जो चित्रपट अचलपूरच्या प्रेक्षकाला उशिरा मिळत असे, तो आता दादर आणि परतवाडा येथे एकाच क्षणी दिसत होता. गंमत अशी, की ज्या रुंदीसाठी एवढा खटाटोप झाला, ती छोट्या पडद्याच्या चौकोनात कडा कापून बसवली गेली. मुलांनी त्याची तक्रार केली नाही. १६ डिसेंबर २००४ रोजी बेर्डे यांचे निधन झाले, तेव्हा त्यांना चित्रपटगृहात कधीच न पाहिलेली एक पिढी लक्ष्याची चाहती झालेली होती.

एक गोष्ट मात्र या भागातील प्रेक्षकाला पडद्यावर मिळाली नाही, ती म्हणजे त्याची बोली. कोठारे यांच्या नायकाच्या तोंडी प्रमाण मराठी आणि तो सुप्रसिद्ध ‘डॅम इट’ असे. त्यांच्या आत्मचरित्राच्या नावातही तो आला आहे. वऱ्हाडीला लोकप्रिय विनोदात मानाचे पान मिळाले ते फार नंतर, छोट्या पडद्यावर. २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘चला हवा येऊ द्या’ या कार्यक्रमात अमरावती जिल्ह्यातील भारत गणेशपुरे ती बोलू लागले, तेव्हा ‘धडाकेबाज’ला चोवीस वर्षे झाली होती.