स्तनाचा स्वस्थानी कर्करोग

स्तनाचा स्वस्थानी कर्करोग : स्तनातील दुग्धनलिकांच्या अस्तरातील कोशिका मारक स्वरूपाच्या झाल्या, पण नलिकेभोवतीचा पातळ पडदा भेदून आसपासच्या ऊतकात शिरल्या नाहीत, तर त्या अवस्थेस ही संज्ञा लावतात. रोग नलिकेच्या आतच कोंडलेला असल्याने तो रक्त वा लसीका यांच्या वाटे इतरत्र पसरू शकत नाही. बहुधा गाठ हाताला लागत नाही व वेदनाही नसतात. क्वचित बोंडातून रक्तमिश्रित स्राव होतो. नलिकेत मृत कोशिकांवर साचलेले कॅल्शियमचे सूक्ष्म कण क्ष-किरण चित्रात दिसतात आणि संशय प्रथम त्यावरून येतो. खात्री मात्र सुईने काढलेल्या ऊतकाच्या सूक्ष्मदर्शक परीक्षेनेच होते.

या अवस्थेचा इतिहास म्हणजे, किती कापावे या प्रश्नाचाच इतिहास होय. अमेरिकन शस्त्रक्रियाविशारद विल्यम हॉल्स्टेड यांनी १८९४ मध्ये वर्णिलेल्या शस्त्रक्रियेत स्तनाबरोबर छातीचे स्नायू व काखेतील लसीका ग्रंथीही काढून टाकीत. त्या काळी रुग्ण मोठ्या गाठी घेऊनच येत, त्यामुळे या पद्धतीला आधार होता. ए. सी. ब्रॉडर्स यांनी १९३२ मध्ये ‘स्वस्थानी’ ही कल्पना स्पष्ट मांडली. तरीही पुढे कित्येक वर्षे अशा रुग्णांचा संपूर्ण स्तन काढण्याचीच रीत राहिली. उरुग्वायचे रौल लेबोर्न्य यांनी कॅल्शियमच्या कणांचे महत्त्व दाखविले व १९६० नंतर स्तनाचे क्ष-किरण चित्रण सुधारले, तेव्हा पूर्वी क्वचित आढळणारी ही अवस्था पाश्चात्त्य देशांत वारंवार दिसू लागली. रोग वाढला त्यापेक्षा तो दिसू लागला, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

स्तन राखण्याच्या मार्गाला पुरावा मिळाला तो अमेरिकेतील बर्नार्ड फिशर यांच्या गटाकडून. १९८५ मध्ये सुरू झालेल्या व १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत ८१८ स्त्रिया होत्या. केवळ रोगट भाग काढण्यापेक्षा त्यानंतर किरणोपचार केल्यास त्याच स्तनातील पुनरुद्भव सुमारे निम्म्याने घटतो, असे तीत दिसले. मृत्यूंच्या प्रमाणात मात्र फरक पडला नाही. आज मर्यादित भाग विकारला असेल तर तेवढा भाग निरोगी कडेसह काढून किरणोपचार देतात. विकार विस्तृत किंवा अनेक ठिकाणी असेल तर संपूर्ण स्तन काढावा लागतो. तेव्हा काखेतील पहिल्या एकदोन लसीका ग्रंथी तपासतात. कोशिकांवर स्त्री-हॉर्मोनांचे ग्राही असल्यास टॅमॉक्सिफेनसारखे औषध पुनरुद्भव कमी करते. रसायनोपचाराची गरज नसते. सुमारे एक लाख आठ हजार अमेरिकन स्त्रियांच्या २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निदानानंतरच्या वीस वर्षांत स्तनकर्करोगाने झालेले मृत्यू ३.३ टक्के आढळले. त्यामुळे सौम्य प्रतीच्या विकारात शस्त्रक्रियेऐवजी नियमित निरीक्षण पुरेल काय, हा प्रश्न पुढे आला. २०२४ अखेर प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीत दोन वर्षांपर्यंत निरीक्षणाखालील स्त्रियांत भेदक कर्करोगाचे प्रमाण शस्त्रक्रियेच्या गटाहून जास्त आढळले नाही. पण दोन वर्षे हा काळ अशा निर्णयास तोकडा आहे.

महाराष्ट्रातील अडचण मात्र निराळी होती. येथे स्त्रिया स्तनाचा विकार दाखविण्यासच येत नसत. कल्याण येथे ३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांनी १८८३ मध्ये सेरामपूरच्या भाषणात हिंदू स्त्री-डॉक्टरांची गरज सांगितली, तिच्यामागे हेच कारण होते. त्या १८८६ मध्ये फिलाडेल्फियाहून पदवी घेऊन परतल्या. पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाच्या बाविसाव्या वर्षात, पुण्यास निधन पावल्या व वैद्यकी करण्यास त्यांना अवसर मिळाला नाही. स्त्रिया व मुले यांच्यासाठी मुंबईत कामा रुग्णालय १८८६ मध्ये निघाले. आगगाडी कल्याणला १८५४ मध्येच पोचली होती, तरी कर्करोगाचे स्वतंत्र रुग्णालय परळला निघण्यास २८ फेब्रुवारी १९४१ उजाडले. दोराबजी टाटा विश्वस्तनिधीच्या या टाटा स्मारक रुग्णालयात वसंत रामजी खानोलकर यांनी विकृतिविज्ञानाचा पाया घातला. सूक्ष्मदर्शकाखाली हा विकार ओळखू शकणारी पिढी येथे त्यातूनच तयार झाली.

सर्वांचे क्ष-किरण चित्रण परवडणारे नसल्याने या रुग्णालयाने १९९८ मध्ये मुंबईच्या झोपडवस्त्यांत एक मोठी चाचणी आरंभिली. ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांचे दोन गट केले. एका गटात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, एकूण चार वेळा, हाताने स्तनतपासणी केली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या गटात रोग अगोदरच्या टप्प्यावर सापडला. मृत्यू एकूण १५ टक्के कमी झाले, पण हा फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या निर्णायक नव्हता. पन्नाशी उलटलेल्या स्त्रियांत मात्र घट सुमारे ३० टक्के होती. हाताच्या तपासणीत नलिकेत कोंडलेला विकार सहसा सापडत नाही. म्हणून येथे हे निदान मुख्यतः क्ष-किरण चित्रण झालेल्या स्त्रियांपुरते राहिले आहे. भारत सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शनातही ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी हाताने तपासणीच सांगितली आहे.