दोष काचेचा की काचेतील मळाचा?

२००९ साली भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा चार्ल्स काओ यांना मिळाला, तेव्हा आपल्या देशात ‘नरिंदरसिंग कपानी यांच्यावर अन्याय झाला’ अशी हळहळ व्यक्त झाली. तीत तथ्य किती, हे ठरवायचे तर प्रकाशतंतूतील ऱ्हास मोजण्याचा इतिहास पाहावा लागतो.

मोगा (पंजाब) येथे जन्मलेल्या कपानींनी लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात हॅरल्ड हॉपकिन्स यांच्यासह, १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात, तंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा पलीकडे नेता येते हे दाखवून दिले. ‘फायबर ऑप्टिक्स’ ही संज्ञा रूढ झाली तीही त्यांच्यामुळेच. मात्र त्या जुडग्याची लांबी होती ७५ सेंटिमीटर. एवढ्या अंतरात वाटेत हरवणारा प्रकाश फारसा जाणवत नाही. संदेशवहनात मात्र सारे त्यावरच अवलंबून असते.

१९६०च्या दशकात तंतूंमधील ऱ्हास किलोमीटरला सुमारे १००० डेसिबल होता. म्हणजे २० मीटरनंतर अवघा १ टक्का प्रकाश उरे. १९६६ मध्ये काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी प्रतिपादन केले, की हा दोष मुळात काचेचा नसून तीत मिसळलेल्या लोहासारख्या अशुद्धींचा आहे. ऱ्हास २० डेसिबलपर्यंत उतरला, तर तंतू दूरसंचारास उपयुक्त ठरेल.

हे सिद्ध करणे सोपे नव्हते. काचेचा नमुना जेमतेम वीतभर. त्यात शोषला जाणारा प्रकाश नगण्य, आणि पृष्ठभागांवरून परावर्तित होणारा त्याच्या शंभरपटीहून अधिक! तरीही काओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिकाटीने मापन केले. शुद्ध सिलिकातील ऱ्हास किलोमीटरला सुमारे ५ डेसिबल भरला. काच निर्दोष ठरली. १९७० मध्ये कॉर्निंगच्या मॉरर, केक आणि शुल्ट्झ यांनी १७ डेसिबलचा तंतू बनवला. १९७९ पर्यंत जपानमध्ये ०.२ डेसिबलची मजल गाठली गेली. जो १ टक्का प्रकाश पूर्वी २० मीटरवर उरे, तो आता १०० किलोमीटरवर उरू लागला.

तंतू जमिनीत पुरल्यावर ऱ्हास कसा मोजायचा? १९७६ मध्ये बार्नोस्की आणि जेन्सन यांनी त्यावर तोडगा सुचवला. तंतूत सोडलेल्या स्पंदाचा काही अंश काचेतील विकिरणामुळे मागे परततो. काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर असल्याने, १० मायक्रोसेकंदांनी परतलेला प्रकाश १ किलोमीटरवरून आलेला असतो. ज्या विकिरणाने प्रकाश गळतो, तेच गळतीचे ठिकाणही सांगते. आज रस्त्याकडेला तुटलेली केबल शोधणारा तंत्रज्ञ ‘ओटीडीआर’ या उपकरणात हेच तत्त्व वापरतो.

कपानींचे श्रेय यामुळे तसूभरही उणे होत नाही. २०२१ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले, ते यथोचितच होते. परंतु नोबेल समितीने गौरवलेला प्रश्न वेगळा होता. प्रकाश तंतूतून जातो काय, हा प्रश्न तोवर सुटलेला होता. दूरवर गेल्यावर तो किती उरतो, हे काओंनी विचारले आणि उत्तर मिळेपर्यंत मोजत राहिले.