जुन्या नावाची दहा वर्षे

वाडा पाडला म्हणजे त्याचा पत्ताही त्याच दिवशी पुसून टाकावा काय? संगणकाच्या इतिहासातील एका लहानशा प्रकरणाने या प्रश्नाचे जे उत्तर दिले, ते आज आपणांस सांगावयाचे आहे.

लिनक्स प्रणालीचा आरंभ लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली केला. तिच्या गाभ्यास कर्नल म्हणतात. हा गाभा ज्याला त्याला आपल्या गरजेप्रमाणे बांधून घेता येतो. कोणते भाग घ्यावयाचे व कोणते वगळावयाचे, याची निवड एका यादीत नोंदलेली असते. डिस्कवर फाइली कशा मांडावयाच्या हे ठरविणारी फाइल-व्यवस्था हीही त्या यादीतील एक बाब होय.

१९९३ साली एक्स्ट-२ ही व्यवस्था आली. वीज अवचित गेली की तिच्यात सारी डिस्क तपासावी लागे, आणि त्यात फार वेळ मोडे. स्टीफन ट्वीडी यांनी तिला जणू रोजकीर्दीची जोड दिली. बदल प्रत्यक्ष करण्यापूर्वी तो आधी टिपून ठेवावयाचा. हीच एक्स्ट-३. २००१ साली ती मुख्य कर्नलमध्ये दाखल झाली. पुढे २००८ साली तिची वारसदार एक्स्ट-४ वापरास सिद्ध ठरली. ही नवी व्यवस्था एक्स्ट-३ च्या डिस्काही चालवू शकत असल्याने एकाच कामासाठी दोन संहिता सांभाळण्याचे कारण उरले नाही. २०१५ साली यान कारा यांनी एक्स्ट-३ ची स्वतंत्र संहिता काढून टाकली.

परंतु खरा धोका येथेच होता. एखाद्याच्या जुन्या यादीत ‘एक्स्ट-३ हवी’ एवढेच असेल आणि एक्स्ट-४ निवडलेलीच नसेल, तर त्या यादीवरून बांधलेल्या नव्या कर्नलला स्वतःची डिस्क वाचता येणार नाही. माहिती जागच्या जागी सुखरूप, पण यंत्र सुरूच होणार नाही! म्हणून यादीतील तीन जुनी नावे मुद्दाम राखण्यात आली. त्यांच्यामागे संहिता उरली नव्हती. जुने नाव घेताच नवी व्यवस्था निवडली जावी, इतकेच त्यांचे काम. आपल्याकडे १९५७ साली नवे पैसे आले, तेव्हा जुने आणेही काही काळ चालू राहिले होते. तशातलाच हा प्रकार.

२०२५ साली ही तीन नावेही काढण्यात आली. बांधणीची यादी सदैव जशीच्या तशी चालेल, असे वचन कर्नलने कधीच दिलेले नव्हते. आणि स्थलांतरास दहा वर्षांची मुदत पुरेशी मानली गेली.

एक्स्ट-३ ची जुनी डिस्क मात्र एक्स्ट-४ च्या आधारे आजही उघडते. नाव गेले, पण डिस्कवर ठेवलेली माणसांची ठेव टाकली गेली नाही. जुने कधी मोडावे याइतकेच ते कोणत्या क्रमाने मोडावे यालाही महत्त्व आहे, हेच या प्रकरणाचे सार होय.