सावकाराची वही आणि गावाची पत



वारणेच्या खोऱ्यातले कोकरूड हे गाव आपल्यापैकी पुष्कळांच्या पायाखालचे असेल. आज ते सांगली जिल्ह्यात, शिराळा तालुक्यात आहे. दीडशे वर्षांपूर्वी ते सातारा जिल्ह्यात मोडत असे. १८७५ सालच्या सप्टेंबर महिन्यात या गावी शंभरावर माणसे जमली, गावातल्या एका बड्या सावकाराचे घर त्यांनी लुटले आणि त्याच्या हिशेबाच्या वह्या व कर्जाचे कागद जाळून टाकले.

हा प्रकार एकट्या कोकरूडचा नव्हता. त्याच वर्षी १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी बाजाराच्या दिवशी लोक सावकारांवर उठले होते आणि ते लोण पुढे नगर जिल्ह्यात पसरले होते. इतिहासात याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात. या दंग्यांत एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. लोकांचा राग होता तो कर्जरोख्यांवर. सावकाराने कागद मुकाट्याने काढून दिले, तर बहुतेक ठिकाणी त्याच्या अंगाला कोणी हात लावला नाही. कागद दिले नाहीत तरच मारहाणीची भाषा झाली.

आता प्रश्न असा, की कुणब्याला त्या कागदाची एवढी भीती का वाटत होती? आणि त्याहून मोठा प्रश्न, जो आजही आपल्या दारात उभा आहे, तो असा: अडीनडीला पैसा लागतोच, मग तो कोणाकडून घ्यावा, आणि देणाऱ्यावर विश्वास ठेवायचा तो कशाच्या आधारावर?

सावकार ही काही इंग्रजांनी आणलेली वस्तू नव्हे. पेशवाईतही सावकार होता. बियाण्याला, बैलाला, लेकीच्या लग्नाला तोच पैसे देई. पण तेव्हा वसुलीसाठी त्याला गावाच्या पाटलाचे आणि पंचांचे तोंड राखून वागावे लागे. गाव बुडाले तर त्याचीही पेढी बुडे. शिवाय दामदुपटीचा जुना नियम होता. मुद्दल शंभर असेल तर एका वेळी व्याजापोटी शंभराहून अधिक मागता येत नसे. शंभराचे दोनशे, तिथे गाडी थांबलीच पाहिजे.

इंग्रजी अमलात तीन गोष्टी बदलल्या. पहिली, रयतवारीत प्रत्येक खातेदाराने सारा स्वतः आणि रोकडीने भरायचा, पीक येवो न येवो. दुसरी, जमीन गहाण टाकता येऊ लागली, विकता येऊ लागली आणि कर्जापोटी तिचा लिलावही होऊ लागला. तिसरी, दिवाणी कोर्टे आली. कुणबी कोर्टात गेलाच नाही, तरी सावकाराला एकतर्फी हुकूमनामा मिळे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध चालू होते; तिकडचा कापूस बंद पडल्यामुळे इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि सावकारानेही हात सैल सोडला. युद्ध संपले, भाव कोसळले, पण घेतलेले कर्ज काही उतरले नाही.

आणि मग कागदाची करामत पाहा. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्यावरचा दावा तीन वर्षांत करावा लागे. कुणब्याला अवधी मिळावा म्हणून नव्हे, तर जुनी कर्जे कुजत पडू नयेत म्हणून हा नियम होता. झाले उलटेच. दर तीन वर्षांनी सावकार नवा रोखा लिहून घेऊ लागला आणि त्यात मागचे व्याज मुद्दल म्हणून धरू लागला.

शिक्षकबंधूंनी हे गणित फळ्यावर जरूर मांडावे. कर्ज शंभर रुपये, व्याज दरमहा दर शेकडा दोन रुपये. तीन वर्षांचे व्याज बहात्तर. नवा रोखा एकशे बहात्तरचा. आणखी तीन वर्षांनी रोखा होतो जवळजवळ दोनशे शहाण्णवचा. आणखी तीन वर्षांनी, म्हणजे नवव्या वर्षाअखेर, पाचशे आठ रुपयांवर! दामदुपटीने शंभराचे दोनशेच व्हायचे. पण व्याजाला मुद्दलाचा अंगरखा चढवला की दामदुपट बिचारी गप्प. तीन रोख्यांवर तीन अंगठे. अंगठा उठवणाऱ्याला एकाही कागदातले अक्षर वाचता येत नव्हते. मध्ये त्याने भरलेले धान्य आणि पैसे वहीत जमा झाले की नाही, हेही त्याला कळायला मार्ग नव्हता. वही सावकाराची, लेखणी सावकाराची आणि स्मरणशक्तीही सावकाराचीच. कोकरूडला जळली ती ही वही.

सरकारने आयोग नेमला, चौकशी झाली आणि १८७९ साली दख्खन शेतकरी मदत कायदा झाला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. या कायद्याचे खरे मर्म एका वाक्यात सांगता येईल. न्यायाधीशाने रोख्यावरचा आकडा पाहून थांबू नये, व्यवहार पहिल्या रुपयापासून उकलून पाहावा. मूळ दिले किती, फेडले किती, व्याज सरळ किती, हे सारे मांडावे. कर्जाचा कागद गावच्या निबंधकासमोर, वाचून दाखवून व्हावा. फेडीची पावती मिळावी, खात्याचा उतारा मागता यावा. कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद झाले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या कायद्याखाली खास न्यायाधीश म्हणून काम केले आणि त्यासाठी गावोगाव फिरती केली.

कायदा चांगला होता. पण पळवाट शोधणाऱ्याला वाट सापडतेच. गहाणखत केले तर कोर्ट हिशेब उकलते ना? मग गहाण नकोच, सरळ खरेदीखत करा! तोंडी बोली अशी, की पैसे फेडलेस की जमीन परत देईन. कागद मात्र कायमच्या विक्रीचा. साक्षीदार कागद बोलेल तेच बोलणार. अखेर १९०७ साली कायद्यात दुरुस्ती करून, असली खरेदीखतेही उकलून पाहण्याचा अधिकार कोर्टाला द्यावा लागला. ही गोष्ट लक्षात ठेवा, मंडळी. आपल्याला पुन्हा तिच्याकडे यायचे आहे.

पण सावकाराचे हात बांधले म्हणून शेतकऱ्याला बियाणे मिळत नाही. दुसरा कोणीतरी देणारा हवा. सर विल्यम वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यासाठी शेतकी पेढीची योजना मांडली; रानड्यांनी तिला पाठिंबा दिला; विलायतेतल्या वरिष्ठांनी ती मोडीत काढली. त्यानंतर मद्रासकडचे फ्रेडरिक निकल्सन यांनी जर्मनीतील रायफायझनच्या खेडेगावातील पतपेढ्यांकडे बोट दाखवले, आणि १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला.

त्यातली कल्पना साधी होती. एका गावच्या निदान दहा माणसांनी एकत्र यावे आणि एकमेकांच्या कर्जाला सर्वांनी मिळून जबाबदार राहावे. खेड्यातील पेढीत ही जबाबदारी अमर्याद असे. म्हणजे शेजाऱ्याने कर्ज बुडवले तर आपले घरदार गुंतले! साहजिकच, मागणारा कष्टाळू आहे की नाही, पैसा बैलासाठी मागतो की जुगारासाठी, याची पारख गावच करी. एकट्याची पत नसली तरी गावाची पत असते, हे या पेढीने सिद्ध करायचे होते.

शहरांतही हालचाल होत होती. १९१६ साली सांगलीत सांगली बँक निघाली. साताऱ्यात अण्णासाहेब चिरमुले यांनी १९१३ साली विमा कंपनी आणि १९३६ साली युनायटेड वेस्टर्न बँक उभी केली. पण या पेढ्या व्यापारपेठेच्या; माणदेशातल्या कुणब्याच्या बांधापर्यंत त्या लवकर पोचल्या नाहीत. खेड्यातल्या पतपेढ्यांना १९३० नंतरच्या मंदीने दणका दिला. शेतमालाचे भाव घसरले, थकबाकी वाढली.

सावकारीचा राग तर धुमसतच होता. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार चालले. त्याच्या न्यायमंडळांपुढे जमिनीचे आणि कर्जाचे तंटे आले, आणि सावकारांच्या घशात गेलेल्या काही जमिनी मूळ मालकांना परत मिळाल्या. चावडीवर, सर्वांसमक्ष झालेला हिशेब लोकांना पटला, हे त्यातले महत्त्वाचे.

स्वातंत्र्यानंतर काय दिसले? १९५१-५२ साली देशभर ग्रामीण कर्जाची पाहणी झाली. गोरवाला हे तिच्या समितीचे अध्यक्ष होते आणि आपले धनंजयराव गाडगीळ तिचे सदस्य. १९५४ च्या अहवालात कळले, की शेतकरी शंभर रुपये कर्ज घेई त्यातले सुमारे सत्तर सावकारांचे असत आणि सहकारी पेढ्यांचे जेमतेम तीन! पन्नास वर्षांच्या सहकाराची ही कमाई. तरी समितीने सहकार सोडा असे म्हटले नाही. तो यशस्वी करण्यावाचून गत्यंतर नाही असेच सांगितले. पुढे जिल्हा बँका आणि गावोगावच्या विकास सोसायट्या यांचे जाळे याच विचारातून घट्ट झाले. आज पीककर्जासाठी गडी ‘सोसायटीत जाऊन येतो’ म्हणतो, त्यामागे हा इतिहास आहे.

मात्र सोसायटी सातबारा पाहते. ज्याच्या नावावर जमीन नाही त्याने काय करावे? विशेषतः बायकांनी काय करावे?

आपल्याकडच्या बायकांनी भिशी चालवली. बारा जणींनी दरमहा ठरावीक रक्कम घालायची, चिठ्ठी निघेल तिने ती उचलायची. ओळखीच्या, एकाच गल्लीतल्या, म्हणून भरवसा. भिशी छोटी आणि ओळखीची असेतो ती सोन्यासारखी. पण ती गावाबाहेर वाढली, तोंडओळखीवर आली, लिलावाची झाली आणि वही एकाच माणसाच्या हाती राहिली, की पुन्हा जुनीच गोष्ट सुरू होते.

सातारा जिल्ह्यातील म्हसवडची हकिकत यापुढची आहे. माण तालुका कायमचा दुष्काळी. तिथे चेतना गाला सिन्हा यांच्याकडे लोहारकाम करणारी एक बाई आली. पावसाळ्यात डोक्यावर घालायला ताडपत्री हवी, त्यासाठी रोज थोडे पैसे साठवायचे आहेत, पण एवढ्याशा रकमेचे खाते बँक उघडत नाही, असे तिचे म्हणणे. तेव्हा बायकांनी स्वतःचीच बँक काढायचे ठरवले. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला. कारण प्रवर्तकांत अंगठा उठवणाऱ्या पुष्कळ होत्या. बाया खचल्या नाहीत. त्या साक्षरतेच्या वर्गात बसल्या, आणि पुन्हा अधिकाऱ्यांपुढे जाऊन म्हणाल्या, की वाचता येत नसले तरी हिशेब आम्हाला येतो. कोणत्याही मुद्दलाचे व्याज विचारा, आणि तुमच्या साहेबांनाही यंत्र न घेता ते काढायला सांगा. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

कोकरूड ते म्हसवड हे अंतर फार नाही. पण एका टोकाला न वाचता आलेला कागद जाळणारी माणसे आहेत, आणि दुसऱ्या टोकाला व्याज तोंडी मांडणाऱ्या बाया. सव्वाशे वर्षांत आपण काय शिकलो, ते या दोन टोकांत आहे.

तेव्हा कर्ज देणाऱ्याची पारख कशी करावी? त्याच्या गोड बोलण्यावरून नव्हे, नात्यागोत्यावरून नव्हे आणि मोठ्या पाटीवरूनही नव्हे. खाते दोघांनाही दिसते का, एवढे पाहावे. आपल्याकडे खाजगी सावकार ‘पाच टक्क्यांनी देतो’ म्हणतो. ते पाच टक्के महिन्याचे असतात, म्हणजे वर्षाला साठ! हा फरक विचारून घ्यावा. महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा २०१४ पासून लागू आहे. परवान्यावाचून सावकारी करणे हा गुन्हा आहे. परवानाधारकालाही चक्रवाढ व्याज लावता येत नाही, आणि मुद्दलाहून अधिक व्याज घेता येत नाही. आपली जुनी दामदुपटच ही. कर्जापोटी कोणी जमिनीचे खरेदीखत मागू लागला, तर १९०७ सालची गोष्ट आठवा. बेकायदा सावकारीत गेलेली जमीन पंधरा वर्षांच्या आतली असेल, तर सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो आणि व्यवहार सावकारीचाच ठरला तर ती परत मिळू शकते. पण सही करण्याआधी थांबणे केव्हाही स्वस्त.

ठेव ठेवतानाही असेच. बँक आणि पतसंस्था एक नव्हेत. सहकारी बँकेतील ठेवीला पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवीला ते नाही. म्हणून पतसंस्थेच्या सभासदाने वार्षिक सभेला जावे, ताळेबंद मागावा, थकबाकी किती ते विचारावे. सभेला आपण चहापुरते गेलो, तर वही पुन्हा एकाच्याच हाती जाते.

शेवटी शिक्षकबंधूंना एक विनंती. सरळव्याज आणि चक्रवाढव्याज हे धडे परीक्षेपुरते ठेवू नका. मुलांना घरची सोसायटीची पावती, आईच्या बचत गटाची वही वर्गात आणायला सांगा आणि त्यावरून गणित घाला. सातवीतल्या पोरीने संध्याकाळी चुलीपाशी बसून ‘आबा, हे साठ टक्के पडतात’ असे सांगितले, तर त्या घरचे एक शेत वाचेल. कोकरूडच्या माणसांकडे असे सांगणारे कोणी नव्हते.